प्रकाशाची सुई आणि लाखेच्या तबकड्या

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाचे आणि आवाज काढणाऱ्या यंत्रांचे नाते जुने आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुट्टीवर गावी निघालेल्या माणसाच्या सामानात टू-इन-वन नसेल, तर तो खरोखर दुबईलाच होता की मुंबईतच कुठे दडून बसला होता, अशी शंका चाळीत घेतली जाई. त्या सामानात तबकडी मात्र सहसा नसे. इथे आलेली पहिली पिढी कॅसेटच्या साथीने राहिली, पुढची सीडीच्या आणि आपली मोबाइलच्या. तबकड्या मागेच राहिल्या. वडिलांच्या कपाटात नाही तर आजोळच्या माळ्यावर, बहुधा लग्नातल्या भांड्यांच्या खोक्याशेजारी.

गेल्या काही वर्षांत एलपी पुन्हा अवतरली आणि आपल्याकडच्या काही घरांत टर्नटेबल आले. त्याबरोबर वादही आले. मराठी माणसे चार जमली की वाद होणारच, पण सध्याचा वाद जरा खर्चिक आहे: ऑप्टिकल कार्ट्रिजचा आवाज चुंबकीय कार्ट्रिजपेक्षा खरोखर चांगला की हा श्रीमंतांचा छंद? एक पक्ष म्हणतो, प्रकाशाला वजन नाही, त्यामुळे असा निर्मळ आवाज पूर्वी कधी ऐकलाच नव्हता. दुसरा पक्ष म्हणतो, किंमत कळल्यावर आवाज आपोआप निर्मळ होतो. या यंत्रांतली सर्वात वरची जोडी दोन लाख दिरहॅमच्या पुढे जाते, तेव्हा दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

माझे शिक्षण अभियांत्रिकीचे, व्यवसाय संगणकाचा आणि व्यसन जुन्या गाण्याचे. त्यामुळे दोन्ही पक्ष मला आपला साक्षीदार समजतात. मला वाटते की हा वाद एलपीपुरता योग्य आहे, पण अब्दुल करीम खाँ, केसरबाई, बालगंधर्व यांच्या तबकड्यांची गोष्ट निघाली की तो भलत्याच जागी चाललेला असतो. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी एक गैरसमज दूर करू. ऑप्टिकल कार्ट्रिज म्हटले की अनेकांना वाटते, सुई गेली आणि प्रकाशाचा किरणच खाचेत उतरला. तसे नाही. हिऱ्याची सुई असतेच, ती खाचेला टेकतेच आणि खाच तिला हलवतेच. फरक आहे तो सुईच्या दांडीची हालचाल मोजण्यात. नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये दांडीच्या मागच्या टोकाशी चुंबक किंवा तारेचे वेटोळे असते आणि ते हलले की वीज निर्माण होते. ऑप्टिकलमध्ये तिथे एक हलकी पट्टी असते. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा डायोड आणि मध्ये ही पट्टी. पट्टी हलली की सावली कमीजास्त होते आणि त्या प्रमाणात वीज बदलते. म्हणजे हे यंत्र खाच पाहत नाही, दांडीची सावली पाहते. आणखी एक: यात काहीही डिजिटल नाही. सावली अखंडपणे बदलते, तशीच वीजही.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या फिल्को कंपनीने १९४०-४१ च्या सुमारास प्रकाशाच्या झोतावर चालणारा फोनो बाजारात आणला होता. त्यात सुईला एक चिमुकला आरसा जोडलेला असे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश सेलेनियमच्या घटावर पडे. सारख्या सुया बदलायला नकोत, तबकड्या झिजणार नाहीत, अशी जाहिरात होती. युद्ध आले आणि ते यंत्र विस्मरणात गेले. साठच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये तोशिबाने पुन्हा प्रयत्न केला. आवाज चांगला होता म्हणतात, पण त्या काळी प्रकाश म्हणजे तारेचा दिवा, आणि दिवा म्हणजे उष्णता. सुईच्या दांडीला आधार देणारे रबर उष्णतेने आपले गुण बदलते, मग आवाजही बदलतो. एलईडीने ही अडचण सोडवली आणि गेल्या दशकात जपानच्याच डीएस ऑडिओने ती जुनी कल्पना नव्याने उभी केली. तिचे कार्ट्रिज घेतले की त्याचा खास इक्वलायझरही घ्यावा लागतो, कारण दिव्याला वीज तोच पुरवतो. नेहमीच्या फोनो प्रवेशिकेवर ते चालत नाही.

आता गुणांचे बोलू. विक्रेते सांगतात की चुंबकीय कार्ट्रिजमध्ये निर्माण होणारी वीजच सुईला मागे खेचते, ऑप्टिकलमध्ये तो अडथळा नाही. तत्त्व बरोबर आहे, शाळेत लेन्झचा नियम आपण सर्वांनी घोकला आहे. पण आकडा किती? वेटोळ्याच्या कार्ट्रिजचा दाब ०.३ मिलिव्होल्ट आणि पुढचा रोध १०० ओहम धरला, तर ही शक्ती सुमारे एक नॅनोवॅट भरते. खुद्द सुई खाचेला घासते त्यात दोन-तीन मिलिवॅट खर्ची पडतात, म्हणजे वीस-तीस लाख पट. तेव्हा हा मुद्दा मी तरी बाजूला ठेवीन. हलणारे वस्तुमान कमी असते, हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याहून खरा मुद्दा खर्जाचा. चुंबकीय कार्ट्रिज सुईचा वेग मोजते, ऑप्टिकल सुईचे स्थान मोजते. खर्जाच्या स्वरांत सुई हळू हलते, म्हणून चुंबकीय यंत्रात खर्ज फार दुबळा येतो आणि १९५४ साली ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार तो उचलून घ्यावा लागतो, अगदी खाली जवळजवळ दहापट. उचलताना आजूबाजूची घरघर आणि विजेचा गुणगुणाटही उचलला जातो. स्थान मोजणाऱ्या यंत्राला हा खटाटोप फारसा करावा लागत नाही. ऑप्टिकलचा खर्ज भरदार आणि शांत लागतो असे ऐकणारे म्हणतात ते केवळ किमतीच्या धाकाने नव्हे. किशोरीताईंच्या भूपची एलपी लावली आणि मागचा तंबोरा खोलीत उतरल्यासारखा वाटला, तर त्यामागे कारण आहे.

पण हा गुण नेमका कुठे उपयोगी पडतो, ते पाहा.

फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीचे सामान घेऊन कलकत्त्याला उतरला ते १९०२ च्या अखेरीस. तिथे गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले. मेण जर्मनीत हॅनोव्हरला गेले, तिथे तबकड्या दाबल्या गेल्या आणि बोटीने परत आल्या. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते, ते ऐकून आपण कौतुकाने हसतो. पण ते रसिकांसाठी नव्हते. हॅनोव्हरच्या कामगारांना कुठले मेण कोणाचे ते कळावे म्हणून होते. ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हताच. गायकाने एका कर्ण्यात तोंड घालून गायचे, कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेण. गायकाच्या फुफ्फुसातली ताकद हीच काय ती वीज. अशा यंत्रात साधारण १६८ ते २००० कंपनांपर्यंतचाच आवाज उतरत असे.

आता तंबोऱ्याचे गणित मांडू. गायक काळी एकला गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा १३९ ला आणि खर्जाची तार ६९ ला. म्हणजे तंबोऱ्याच्या या तारांचे मूळ स्वर कर्ण्याच्या कक्षेबाहेर. वरच्या बाजूला जवारीची सारी गंमत दोन हजारांच्या पुढे, तीही बाहेर. उरला तो मधला तुकडा, आणि तोसुद्धा गायकाच्या आवाजाखाली दबलेला. जुन्या तबकड्यांत तंबोरा ऐकू येत नाही तो यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर तो खाचेत गेलाच नाही म्हणून. जे खाचेत नाही त्याची सावली कुठून पडणार? ऑप्टिकल कार्ट्रिजचा मोठा गुण खर्जात, आणि १९२५ पूर्वीच्या तबकडीत खर्ज म्हणजे फक्त टर्नटेबलची घरघर.

१९२५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने मायक्रोफोन आला आणि पुढच्या काही वर्षांत तो आपल्याकडेही पोचला. कक्षा साधारण १०० ते ५००० कंपनांपर्यंत रुंदावली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी शतकाच्या सुरुवातीला कर्ण्यापुढे गाणी दिली होती आणि १९३४ ते ३६ मध्ये, मृत्यूपूर्वी जेमतेम एक ते तीन वर्षे, ओडियनसाठी मायक्रोफोनपुढे दिली. ही दुसरी खेप म्हणजे किराणा घराण्याचा आपल्या हाती असलेला सर्वात मोठा पुरावा. झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐकताना तो सुरेल, झिरपणारा आवाज थेट काळजाला भिडतो. तीन मिनिटांत. विलंबित ख्यालाचा गवई तीन मिनिटांत काय दाखवणार, ही त्या काळच्या गवयांची तक्रार मात्र पूर्णपणे खरी होती. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांची एकही तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचीही नाही. आज कितीही दिरहॅम मोजले तरी हे दोन आवाज कुठल्याही सुईतून निघणार नाहीत.

जाता जाता एक गोष्ट आपल्या या किनाऱ्याची. तबकड्यांच्या काळात आखाताचे तोंड मुंबईकडे होते. इथे व्यवहारात रुपया चाले आणि तो १९६६ पर्यंत चालला. ओमानमधल्या सूर बंदराचा सालिम रशीद सूरी हा खलाशी गायक मुंबईत राहिला, तिथे एचएमव्हीसाठी त्याने अरबी गाणी दिली आणि पुढे बहरीनला जाऊन 'सालिमफोन' नावाने स्वतःच्या तबकड्या काढल्या. आपण इथे येण्याच्या कितीतरी आधी इथला आवाज आपल्याकडे जाऊन मेणावर कोरला गेला होता.

आता झिजेकडे वळू. तबकडी लाखेची म्हणतो, पण तिच्यात लाखेबरोबर दगडाची पूडही भरपूर असे. ती मुद्दाम घातलेली, कारण पोलादी सुई खाचेत घासून पहिल्या काही फेऱ्यांत खाचेच्या आकाराची व्हावी लागे. म्हणून दर बाजूला सुई बदलायची, आणि म्हणून घरोघरी एचएमव्हीच्या सुयांची ती पत्र्याची डबी. आपल्या आजोबांनी नियम पाळला का? युद्धकाळात सुया मिळेनात आणि एरवीही काटकसर अंगी मुरलेली, तेव्हा एकाच सुईवर दहा-दहा बाजू वाजल्या. चावीच्या फोनोचे डोके शंभर ग्रॅमपेक्षा जड, आजच्या कार्ट्रिजचा भार दोन ग्रॅमच्या आसपास. लोकांना जे गाणे आवडले तेच सर्वात जास्त कापले गेले. जुन्या तबकड्यांच्या ढिगात बालगंधर्वांची बाजू खरवडलेली आणि पाठीमागची कोरी करकरीत असते, ती त्यामुळेच.

अशा खाचेसाठी महत्त्वाची गोष्ट कार्ट्रिज चुंबकाचे की प्रकाशाचे ही नव्हे, तर सुईच्या टोकाची रुंदी. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनचे टोक लागते. एलपीचे टोक २५ मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक. महागडी ऑप्टिकल कार्ट्रिजे एलपीच्या बारीक खाचेसाठी घडवलेली असतात. ती ७८ वर ठेवली तर सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळत जाईल. उलट साध्या कार्ट्रिजला दोन-तीन वेगवेगळ्या रुंदीची टोके घेतली, तर खाचेच्या भिंतीवर जुन्या सुयांनी न झिजवलेली एखादी पट्टी सापडते आणि गाणे अचानक धूळ झटकल्यासारखे उभे राहते. हा फरक ऐकायला तज्ज्ञ कान लागत नाहीत, माझ्या सासूबाईंनाही तो शेजारच्या खोलीतून कळतो.

दुसरी गोष्ट वेग. ७८ हा आकडा सुरुवातीच्या तबकड्यांना काटेकोर लागू नाही. एखादी ७४ ला कोरलेली असेल आणि आपण ती ७८ ला वाजवली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो: काळी एकचा गवई पांढरी दोनला गातो, तान अधिक चपळ होते आणि आवाज किंचित बायकी. कोणाचा आवाज किती पातळ होता आणि तान किती द्रुत, यावर आपण जी घराणेशाहीची भांडणे करतो, त्यातली काही मोटारीच्या वेगाची असू शकतात. वेग तपासायला रेघांची स्ट्रोब चकती असते. पण अमेरिकेहून मागवलेली चकती इथे वापरणाऱ्यांनी सांभाळावे. ती ६० हर्ट्झच्या विजेसाठी आखलेली, आपली वीज ५० ची. इथल्या ट्यूबलाइटखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की तबकडी ७८ ऐवजी ६५ ने फिरत असते. ६० ला ५० म्हणजे ६:५, आणि हे गुणोत्तर आपल्या ओळखीचे आहे: षड्ज आणि कोमल गंधार. संपूर्ण गाणे बरोबर कोमल गंधाराएवढे खाली उतरते, एका श्रुतीचीही चूक न करता!

मग तबकडीवर प्रकाशाचे खरे काम काहीच नाही का? आहे, पण ते सावली मोजण्यात नाही, खाच पाहण्यात आहे. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फिनियल कंपनीने सुईविना, लेझरने खाच वाचणारे टर्नटेबल तयार केले. पण तोवर सीडी आली होती. कंपनी बुडाली आणि ते तंत्र जपानच्या ईएलपीकडे गेले. ते यंत्र स्पर्श करीत नाही, त्यामुळे तबकडी झिजत नाही. पण सुई धूळ बाजूला सारते, लेझर धुळीलाही संगीत समजतो. काळ्या, अपारदर्शक तबकड्याच त्याला वाचता येतात. आपल्या इथल्या वाळूत रोज तबकडी धुणे आले.

याहून मोलाचे काम बर्कलेच्या प्रयोगशाळेत झाले. कार्ल हेबर आणि विताली फादेयेव हे कणभौतिकीतले संशोधक. कणशोधक यंत्रांचे भाग सूक्ष्मदर्शकाने मोजण्याची त्यांची रोजची पद्धत त्यांनी तबकडीला लावली: खाचेची छायाचित्रे घ्यायची, संगणकात तिचा आकार उभा करायचा आणि सुई त्यातून गेली असती तर कशी हलली असती ते गणिताने काढायचे. त्या यंत्रणेला आयरीन म्हणतात. तबकडीला तडा गेला असेल, तिचे तुकडे झाले असतील, तरी चित्रे जुळवता येतात. २००८ साली बर्कलेतच काजळी लावलेल्या कागदावरच्या १८६० च्या रेघांतून माणसाचे गाणे पुन्हा ऐकले गेले, ते अशाच रीतीने रेघांची चित्रे वाचून. ज्या तबकडीची एकच प्रत उरली आहे आणि जिला सुई लावायची हिंमत होत नाही, तिच्यासाठी प्रकाश हवा.

अशा तबकड्या आपल्या घरांत आहेत, हे मात्र आपण विसरतो. कंपन्यांकडचे मूळ साचे सगळे टिकलेले नाहीत. नाट्यसंगीताचा, कीर्तनाचा, विस्मृतीत गेलेल्या गायिकांचा मोठा ठेवा सामान्य घरांतल्या खोक्यांतूनच पुढे आला. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिचे चिटणीस. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या अंकांतून तबकड्यांच्या याद्या, क्रमांक आणि गायकांच्या हकिकती नोंदवल्या गेल्या. हे काम चोर बाजार आणि जुना बाजार धुंडाळणाऱ्या हौशी माणसांनी केले. पुण्यातला वाडा पाडायला निघाला की पहिल्या दिवशी रद्दीवाला येतो, संग्राहक तिसऱ्या दिवशी. दोन दिवसांचा हा फरक आपल्या संगीताच्या इतिहासात फार महागात पडला आहे.

केसरबाई केरकरांचे उदाहरण घ्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या अतिशय चोखंदळ, त्यामुळे तबकड्या थोड्याच. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णमुलामी तबकडीसाठी त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी निवडली गेली, तेव्हा ती मिळवायला धावपळ करावी लागली. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात काही प्रती सापडल्या. परदेशी राहणाऱ्या कुणीतरी ती विकायला ठेवली होती म्हणून गोव्यातल्या केरीची ही गायिका आकाशात गेली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीबरोबर नासाने कार्ट्रिज आणि सुई पाठवली आहे, वेष्टनावर सुई कशी ठेवायची आणि एक फेरा किती वेळात व्हावा याची चित्रे आहेत. म्हणजे टोक आणि वेग, याच दोन गोष्टी परग्रहवासीयांनाही आवर्जून सांगाव्याशा वाटल्या.

एलपी ऐकणाऱ्या मित्रांनी ऑप्टिकल कार्ट्रिज जरूर घ्यावे, मी ऐकायला नक्की येईन. पण या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा माळ्यावर चढा. खोक्यात ७८ सापडल्या तर आधी लेबलांचे आणि सुईने संपते त्या जागेजवळ कोरलेल्या क्रमांकांचे फोटो काढा. त्यावरूनच संग्राहक सांगू शकतात की ही तबकडी सर्वत्र मिळते की दुर्मिळ आहे. स्पिरिटने पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. इथे आणायच्याच असतील तर हातातल्या सामानात आणा, आणि विमानतळावरून येताना वाटेत लुलूमध्ये भाजी घ्यायला थांबलात तर खोके गाडीत ठेवू नका. जुलैच्या उन्हात बंद गाडीत लाख मऊ पडते.